‘सर, काल चालत होतं!’

आपल्या कॉलेजात वर्षभर सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं, असा सर्व्हे घेतला तर पहिला नंबर ‘आज मेसमध्ये काय आहे?’ याचा येईल. दुसरा नंबर मात्र नक्की ‘सर, काल चालत होतं!’ या वाक्याचा. एप्रिलमध्ये कुठल्याही लॅबच्या दाराशी पाच मिनिटं उभे राहा. एक्स्टर्नल आत बसलेत, ब्रेडबोर्डवर एका हाताने वायर दाबून धरलीय, दुसऱ्या हाताने रीसेटचं बटण दाबणं चालू आहे आणि एलसीडीवर काळे चौकोन सोडून काहीही दिसत नाहीये. मग तेच वाक्य. सरही हसतात, कारण त्यांच्या वेळीही हेच वाक्य होतं.

मला या वाक्यावर हसू येतं, पण अलीकडे थोडा रागही येतो. कारण ते वाक्य खरं असतं! काल खरंच चालत होतं. आपल्याला चार वर्षं शिकवतात ते सर्किट ‘चालवायला’. ते उद्याही चालावं, परवाही चालावं, आपण समोर नसताना चालावं, यासाठी काय करायचं हे कुणी विचारत नाही आणि त्याला मार्कही नाहीत. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे: प्रोजेक्टचे निम्मे मार्क तरी ‘चाललं का?’ यासाठी नसावेत, ‘कशाने बंद पडेल, आणि पडलं तर पुढे काय?’ या प्रश्नाच्या उत्तराला असावेत.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि घरी आजीशी बोलायची भाषा. त्यामुळे या लेखात इंग्रजी शब्द भरपूर आहेत, आणि जे मराठी आहेत ते आमच्या विभागाच्या संपादिकेने तपासले आहेत. पण कॉन्व्हेंटने एक गोष्ट चांगली शिकवली. आमच्या शाळेत प्रत्येक टर्मला एकदा, आग लागलेली नसताना, आगीची घंटा वाजायची. आम्ही रांगेत ग्राउंडवर जायचो. सिस्टर घड्याळ घेऊन उभ्या असायच्या. तेव्हा ती मजा वाटायची. आता कळतं, की सगळं नीट चालू असतानाच बिघाडाची तालीम करायची असते. इंजिनिअरिंगला आल्यापासून मात्र ती घंटा मी एकदाही ऐकलेली नाही.

हे विचार डोक्यात आले ते टी.ई.च्या सेमिनारमुळे. विषय घेतला होता ‘अंतराळातील इलेक्ट्रॉनिक्स’. खरं कारण, मैत्रिणींनी सोपे विषय आधीच पटकावले होते. पण वाचत गेले तसं लक्षात आलं, की जगात एक ठिकाण असं आहे जिथे ‘सर, काल चालत होतं’ म्हणायला समोर सरच नसतात.

थर्मासमधलं सर्किट

अंतराळात नेमकं काय वाईट आहे? थंडी, असं बहुतेक जण म्हणतात. पण पहिला त्रास उलटाच असतो. तिथे हवा नाही, म्हणजे कन्व्हेक्शन नाही. आपल्या पीसीतला पंखा तिथे फिरेल, पण उपयोग शून्य. आपला थर्मास चहा गरम ठेवतो तो दोन भिंतींमधल्या निर्वातामुळे. उपग्रहातलं सर्किट म्हणजे अशाच थर्मासमध्ये ठेवलेलं सर्किट. त्याची उष्णता आधी धातूतून बाहेरच्या पत्र्यापर्यंत न्यायची आणि तिथून रेडिएशनने बाहेर टाकायची, एवढाच मार्ग उरतो. आपण ७८०५ रेग्युलेटरला हीट सिंक लावतो, तो शेवटी हवेच्याच भरवशावर. तिथे तो भरवसा नाही.

दुसरं, उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात. पृथ्वीजवळचा उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो, म्हणजे दिवसाला पंधराएक वेळा तापतो आणि गार होतो. वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास वेळा! प्रत्येक वेळी पीसीबी थोडा प्रसरण पावतो, चिप वेगळ्या प्रमाणात पावते, आणि मधल्या मध्ये ओढाताण होते ती बिचाऱ्या सोल्डरची. आपल्या लॅबमधला ड्राय सोल्डर बोट लावलं की चालतो. तिथे बोट लावायला कोण जाणार?

तिसरं आणि सर्वांत वेगळं म्हणजे रेडिएशन. एखादा वेगवान कण चिपमधून आरपार जातो आणि मेमरीतल्या एका बिटचा शून्याचा एक करतो. चिप शाबूत, सोल्डर शाबूत, पण आकडा खोटा. कधी याहून वाईट होतं. सीमॉसच्या आत नको असलेला एक एससीआर आपोआप तयार झालेला असतो, तो कणाच्या धक्क्याने चालू होतो आणि करंट वाढतच जातो. याला लॅच-अप म्हणतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिकलोय ना, एससीआर एकदा चालू झाला की गेट काढून घेतलं तरी बंद होत नाही? तेच. उपाय एकच, चिप जळायच्या आत सप्लाय तोडायचा आणि परत द्यायचा.

हे फक्त वरच घडतं असंही नाही. २००३ साली बेल्जियममधल्या स्खारबेक इथे मतमोजणीच्या यंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दाखवली. ही संख्या पाहून आपल्या ब्रँचच्या लोकांच्या भुवया उंचावल्याच असतील. दोनचा बारावा घात! म्हणजे एकच बिट पलटला. प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही, तेव्हा अवकाशातून आलेल्या कणांवर संशय गेला. मतं शक्यतेपेक्षा जास्त दिसली म्हणून चूक पकडली गेली. खालचा एखादा बिट पलटला असता तर?

टेलस्टार: बंद पडल्यावर काय केलं?

९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्बची चाचणी केली. स्टारफिश प्राइम तिचं नाव. दुसऱ्याच दिवशी, १० जुलैला, बेल लॅब्जचा टेलस्टार हा दळणवळण उपग्रह वर गेला. त्याने अटलांटिकच्या पलीकडे थेट टीव्ही चित्रं पाठवली. जग खूश. पण स्फोटामुळे पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांमध्ये इलेक्ट्रॉन्सची भयंकर गर्दी झाली होती आणि टेलस्टार रोज त्यातूनच जात होता. नोव्हेंबरमध्ये त्याने जमिनीवरून आलेल्या आज्ञा ऐकणं बंद केलं. आज्ञा ओळखणाऱ्या डीकोडरमधले ट्रान्झिस्टर खराब झाले होते.

मला आवडलेला भाग पुढचा आहे. बेल लॅब्जच्या लोकांनी जमिनीवर तसेच ट्रान्झिस्टर घेतले, त्यांच्यावर रेडिएशन सोडलं, आणि ते कसे बिघडतात हे समोर पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की ट्रान्झिस्टरवरचा व्होल्टेज काही काळ काढून घेतला तर तो थोडा सावरतो. मग त्यांनी अर्धवट बहिऱ्या झालेल्या डीकोडरला समजतील असे बदललेले पल्स पाठवले आणि जानेवारी १९६३ मध्ये टेलस्टार पुन्हा बोलायला लागला. फेब्रुवारीत तो कायमचा बंद पडला, पण तोवर ‘रेडिएशनमध्ये ट्रान्झिस्टर कसा मरतो’ हा अभ्यासाचा विषय झाला होता.

आता कल्पना करा, आपल्या लॅबमध्ये आयसी उडाला तर आपण काय करतो? कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि दुसरा आणतो. का उडाला, हे आपण कधी विचारलंय?

महाग चिप की शहाणी डिझाइन?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘त्यांच्याकडे पैसा आहे, स्पेस ग्रेड पार्ट आहेत, आपण शंभर रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरवर काय करणार?’ असं माझ्या रूम पार्टनरनेच विचारलं. प्रश्न बरोबर आहे. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरचा मुख्य कॉम्प्युटर रेडिएशन सोसणाऱ्या आरएडी-७५० प्रोसेसरवर चालतो. वेग जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ. तुमच्या खिशातला मोबाइल त्याला सहज हरवेल, आणि त्या चिपची किंमत लाखो डॉलर! गुरूभोवती २०१६ मध्ये पोहोचलेल्या जुनो यानाचं इलेक्ट्रॉनिक्स तर सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या तिजोरीत ठेवलंय. हे आपल्याला परवडणार नाही, कबूल.

पण त्याच पर्सिव्हरन्सच्या पोटाखालून मंगळावर गेलेलं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर घ्या. वजन १.८ किलो. त्यात मोबाइलमधला स्नॅपड्रॅगन ८०१ प्रोसेसर होता. बॅटरीचे सेलही बाजारात मिळणारे लिथियम आयनचे. मंगळावर रात्री पारा उणे ८०-९० अंशांपर्यंत उतरतो. मग हे टिकलं कसं? डिझाइन करणाऱ्यांनी मान्यच केलं की चिप चुकणार. म्हणून उड्डाण सांभाळायला कार-उद्योगासाठी बनणारे दोन मायक्रोकंट्रोलर ठेवले, दोघांनाही तेच काम दिलं, आणि वर रेडिएशनला दाद न देणारी एक एफपीजीए पहाऱ्यावर बसवली. एकाच्या कामात गडबड दिसली की सूत्रं दुसऱ्याकडे. १९ एप्रिल २०२१ ला पहिलं उड्डाण झालं. ठरवली होती पाच, झाली ७२! जानेवारी २०२४ मध्ये पंख्याचं पातं तुटलं तेव्हा ते थांबलं.

म्हणजे महाग पार्ट हा एक रस्ता आणि शहाणा संशय हा दुसरा. दुसरा रस्ता आपल्याला शंभर टक्के परवडतो.

याचंच साधं उदाहरण म्हणजे वॉचडॉग टायमर. एक काउंटर असतो. प्रोग्राम नीट चालू असेल तर तो अधूनमधून काउंटर शून्यावर आणतो. प्रोग्राम कुठे अडकला तर काउंटर भरतो आणि कंट्रोलर आपोआप रीसेट होतो. ‘वॉचडॉग टायमरवर टीप लिहा, मार्क ४’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी पाठ केलाय. तो आपल्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरमध्ये फुकट मिळतो. पण मी गेल्या दोन वर्षांत सीनिअर्सचे जेवढे प्रोजेक्ट पाहिले, त्यातल्या एकातही तो चालू केलेला पाहिला नाही. चार मार्क मिळाले, विषय संपला.

तिघांनी एकच जर्नल कॉपी केलं तर?

अंतराळातली दुसरी युक्ती म्हणजे तीन-तीन कॉपी ठेवून बहुमत घ्यायचं. तीन सर्किटं तेच गणित करतात, दोघांचं उत्तर जुळलं की तिसऱ्याला गप्प बसवतात. ऐकायला किती सोपं! पण मित्रांनो, हॉस्टेलवाल्यांना यातली गोम लगेच कळायला हवी. सबमिशनच्या आदल्या रात्री तिघांनी एकाच जर्नलवरून रीडिंग उतरवली, तर तिघांची उत्तरं जुळतील आणि तिघांचीही चुकलेली असतील. अशा बहुमताला काय अर्थ?

रशियाच्या फोबोस-ग्रुंट यानाचं असंच झालं, असं त्यांचा चौकशी अहवाल सांगतो. नोव्हेंबर २०११ मध्ये मंगळाच्या चंद्राकडे निघालेलं हे यान पृथ्वीभोवतीच अडकलं. कॉम्प्युटरचे दोन चॅनल होते, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. पण अहवालानुसार दोन्हींतल्या मेमरी चिप्सना कणांचा फटका बसला आणि दोन्ही चॅनल एकदमच रीस्टार्ट झाले. त्या चिप्स अंतराळासाठी बनलेल्या नव्हत्या. जानेवारी २०१२ मध्ये यान पॅसिफिकमध्ये कोसळलं. सगळ्या तज्ज्ञांना हे कारण पटलं नाही, पण धडा तरी पटण्यासारखा आहे. स्पेअर ठेवलं म्हणजे सुरक्षित झालो असं नाही. स्पेअर वेगळ्या पद्धतीने बिघडणारं हवं.

इस्रोने काय केलं?

आपलंच उदाहरण घेऊ. १९ एप्रिल १९७५ ला आर्यभट्ट वर गेला. प्रा. यू. आर. राव यांच्या टीमने तो बंगळूरजवळच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या शेड्समध्ये बनवला होता. चारच दिवसांत पॉवर सप्लायमध्ये बिघाड झाला आणि प्रयोग थांबले. ऑक्टोबर २००८ मधलं चांद्रयान-१ दोन वर्षं चालायचं होतं. दिशा ओळखणारे स्टार सेन्सर आधीच गेले. चंद्राच्या पृष्ठभागाकडून येणारी उष्णता अंदाजापेक्षा जास्त निघाली. मे २००९ मध्ये कक्षा १०० किलोमीटरवरून २०० वर नेली, तरी २९ ऑगस्टला संपर्क तुटला. दहा महिने. या दहा महिन्यांत चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्या, ही गोष्ट वेगळी आणि अभिमानाची.

७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चं लँडर आदळलं. ती रात्र आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर जागून काढली होती. मी तेव्हा शाळेत होते. पुढच्या लँडरच्या वेळी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या वाचनात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा, की यशाचा आराखडा धरून डिझाइन करण्याऐवजी या वेळी अपयशाचा आराखडा धरून डिझाइन केलं. सेन्सर बंद पडला तर? इंजिन बंद पडलं तर? गणित चुकलं तर? प्रत्येक ‘तर’ला उत्तर तयार ठेवलं. उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून सुमारे चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर केली. पाय जास्त वेगाने आपटले तरी चालावेत असे मजबूत केले. इंधन वाढवलं, सोलर पॅनल वाढवले. २३ ऑगस्ट २०२३ ला काय झालं ते सांगायची गरज नाही. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये तो आनंद पाहिलेले आपले सीनिअर्स अजून त्याबद्दल बोलतात.

विद्यार्थ्यांनीही हे करून दाखवलंय. पुण्याच्या सीओईपीच्या मुलामुलींनी बनवलेला सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये, आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ सप्टेंबर २०१६ मध्ये पीएसएलव्हीने वर गेला. काम मात्र २००७-०८ पासून चालू होतं. सुरुवात करणारी बॅच पास होऊन नोकरीला लागली तेव्हाही उपग्रह जमिनीवरच होता. अशा कामात ‘मला सगळं माहीत आहे, लिहून कशाला ठेवू?’ चालत नाही. आपल्याकडे प्रोजेक्ट बनवणारा पास झाला की प्रोजेक्टही कपाटात मरतो.

आपलं अंतराळ शेतात आहे

आता कुणी म्हणेल, आपल्यातले किती जण इस्रोत जाणार? खरंय, फार थोडे. पण माझा मुद्दा इस्रोचा नाहीच. आपल्या भोवतीची जमीनसुद्धा इलेक्ट्रॉनिक्ससाठी काही कमी अंतराळ नाही.

माझ्या काकांची शेती आहे. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणून त्यांनी विहिरीवरच्या मोटरला मोबाइलने चालू-बंद होणारा कंट्रोलर बसवला. दुकानात डेमो एकदम झकास झाला. मिस्ड कॉल दिला की रिले ‘टक्’. शेतात तो एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा टिकला. पत्र्याच्या पेटीत मे महिन्याचं ऊन, मग दमट हवा, पेटीत पालीचा मुक्काम, आणि व्होल्टेज कधी १६० तर कधी २७०. एका रात्री रिले चिकटला. फोनवर ‘मोटर बंद’ असा मेसेज आला, पण मोटर चालूच राहिली. विहीर कोरडी पडून मोटर जळली. रिवाइंडिंगचा खर्च, वर ऐन गरजेच्या आठवड्यात पाणी नाही. आता काका पुन्हा रात्री दोनला बॅटरी घेऊन शेतात जातात. काकू म्हणते, त्या अंधारात साप-विंचवाची भीती परवडली, पण तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सचा भरवसा नको.

काकूचं ते ‘तुमच्या’ मला लागलं. कारण ते सर्किट मी उघडून पाहिलं, आणि त्यात असं काहीच नव्हतं जे आपण थर्ड इयरला शिकत नाही. कंट्रोलरने रिलेला ‘बंद हो’ सांगितलं आणि तो झाला असं धरून मेसेज पाठवला. मोटरचा करंट खरंच थांबला का, हे पाहायला एक छोटा करंट सेन्सर पुरला असता. तो डेमोत लागत नाही, म्हणून नव्हता. हे सर्किट बनवणाऱ्या इंजिनिअरलाही बहुधा कुठल्यातरी लॅबमध्ये ‘व्हेरी गुड, आउटपुट आलं’ म्हणून पूर्ण मार्क मिळाले असतील.

आपण उद्या जाऊन हेच बनवणार आहोत. मोटर कंट्रोलर, मीटर, सिग्नल, हॉस्पिटलातले मॉनिटर. तिथे बोट लावून वायर धरायला आपण नसू.

मग काय करायचं?

नुसती टीका सोपी असते, म्हणून चार सूचना. माननीय प्राध्यापक वर्गाने रागावू नये!

एक, फायनल इयरचा प्रत्येक हार्डवेअर प्रोजेक्ट डेमोच्या आधी सलग ७२ तास चालवावा, आणि तोही लॅबच्या पंख्याखाली नाही, हॉस्टेलच्या गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात. आपल्याला थर्मोव्हॅक चेंबर मिळणार नाही, पण इथलं ऊन फुकट आहे.

दोन, प्रत्येक ग्रुपचा प्रोजेक्ट दुसऱ्या ग्रुपने बिघडवून पाहावा. सप्लाय दहा वेळा काढावा-लावावा, सेन्सरची वायर उपटावी, व्होल्टेज कमी-जास्त करावा. आपलं बाळ आपल्याला गोड दिसतं. दुसऱ्याचं तपासताना नजर स्वच्छ असते.

तीन, रिपोर्टमध्ये एक प्रकरण ‘हे कशाने बंद पडेल’ या नावाचं असावं. ‘फ्यूचर स्कोप’च्या नावाखाली आपण दरवर्षी त्याच ओळी उतरवतो, त्याऐवजी हे लिहू या.

चार, जळलेले बोर्ड फेकू नयेत. लॅबमध्ये एक कपाट करावं, प्रत्येक बोर्डाला चिठ्ठी लावावी: केव्हा जळला, का जळला. ज्युनिअर्सना या कपाटाइतकं चांगलं पुस्तक मिळणार नाही.

यावर आक्षेप येणार. पहिला, वेळ कुठे आहे? सबमिशन, ओरल, पी.एल., मग पेपर. हे खरं आहे. पण आपण प्रोजेक्टच्या वेळातला अर्धा भाग शेवटच्या आठवड्यात ‘काल चालत होतं’चं ‘आज का नाही’ शोधण्यात घालवतोच. तोच वेळ महिनाभर आधी द्यायचा.

दुसरा आक्षेप, सिलॅबस विद्यापीठाचा, आपल्या हातात काय? लेखी पेपर हातात नाही, पण टर्मवर्कचे मार्क कॉलेजातच ठरतात. त्यातले थोडे या ७२ तासांना देता येतील.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गच्चीवर ७२ तासांत प्रोजेक्ट बंद पडला तर त्या मुलामुलींचे मार्क कापायचे का? कापले तर पुढच्या वर्षी सगळे खोट्या लॉगशीट भरतील, आपण तेवढे हुशार आहोत. म्हणून मला वाटतं, बंद पडला याचे मार्क कापू नयेत. का बंद पडला हे शोधलं नाही, तर कापावेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ निरर्थक डेटा पाठवायला लागलं. ४६ वर्षांचं म्हातारं यान, २४ अब्ज किलोमीटरवर, एक आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास. त्या टीमने शोधून काढलं की एकाच मेमरी चिपने दगा दिलाय. मग तिथला प्रोग्राम तुकडे करून मेमरीत दुसरीकडे बसवला आणि एप्रिल २०२४ मध्ये व्हॉयेजर पुन्हा नीट बोलायला लागलं. चिप गेली म्हणून त्यांना कुणी नापास केलं असतं का?

अर्थात यासाठी सरांनाही थोडं बदलावं लागेल. लॅब संध्याकाळी पाचला बंद होते, गच्चीला कुलूप असतं, आणि रेक्टर मॅडम एक्स्टेन्शन बोर्ड पाहिला की जप्त करतात. त्यांचीही बाजू आहे, रात्री वायर पेटली तर जबाबदारी त्यांची. तेव्हा पहिला प्रयोग परवानगीने, फ्यूज लावून आणि आगीची बादली शेजारी ठेवून करू.

आम्ही तिघी पुढच्या वर्षी प्रोजेक्टला मोटर कंट्रोलरच घेणार आहोत, करंट सेन्सरसकट. परवानगी मिळाली तर एप्रिलमध्ये तो लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर आणि बॉईज हॉस्टेलला दिसावा म्हणून त्याचा दिवा मेस हॉलमध्ये असेल. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. तुम्हा सगळ्यांना आमंत्रण आहे. जेवायला येता-जाता खुशाल प्लग काढा. फक्त किती वाजता काढला, तेवढं शेजारच्या वहीत लिहून ठेवा.